जोत्यावरचं दार

पडवीला दार नसतं. हे ज्याला ठाऊक नसेल त्याने रत्नागिरीकडच्या पालीच्या अलीकडे मोठ्या रस्त्यावरून आत वळावं आणि आंबेकोंडात महिपतच्या घराची मागची पडवी बघून यावी. एका अंगाला घराची भिंत, दुसऱ्या अंगाला कमरेएवढी भिंत, वर कौलं, आणि दोन्ही तोंडं सताड उघडी. या पडवीत तुळसाने लग्नानंतरचं सगळं आयुष्य काढलं. तिचा नवरा धोंडू मुंबईला एका कॅन्टीनमध्ये होता. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा. एका पावसाळ्यात कावीळ घेऊन आला, तो परत गेलाच नाही. लेक ज्ञानेश्वरी तेव्हा रांगत होती. थोरल्या दिराने, म्हणजे महिपतने, विधवा भावजयीला घराबाहेर काढलं नाही म्हणून वाडीने त्याचं केवढं कौतुक केलं! अहो, बाहेर काढलं नाही हे खरं, पण आत तरी कुठे घेतलं?

पडवी म्हणजे घरातल्या सगळ्यांची वाट. महिपतची बायको हौसा पहाटे गोठ्यात जायची ती तुळसाच्या अंथरुणाला वळसा घालून, आणि अंधारात वळसा चुकला तर अंथरुणावरूनच. घरातली पोरं हरवलेला चेंडू शोधायला तिच्या पेटीमागे हात घालायची. तुळसा लुगडं बदलायची ती वाशाला टांगलेल्या चादरीआड, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी "कोयती कुटं हाय गो?" करत चादर बाजूला सारायचं. कुणाच्या मनात वाईट होतं असं नाही. पण ज्याच्या मनात वाईट नसतं त्यालाही चादर सारायच्या आधी खाकरता येतं की नाही?

ज्ञानेश्वरीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी व्हायचं होतं. ती मालगुंडहून आली, ओटी भरून, डोळ्यांत काजळ घालून. थोडे दिवस पडवीत राहिली आणि एका सकाळी म्हणाली, "आये, मी जाते. हितं कूस बदलायची तरी चार मानसं बगतात." सासरच्यांनी न्यायला रिक्षा पाठवली. पोटुशी लेक माहेराहून सासरी बाळंतपणाला निघाली, असा उलटा प्रकार वाडीने त्या दिवशी पाहिला. रिक्षा वळणाआड गेली तशी तुळसा खळ्यात मधोमध उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मरायच्या आधी मी माझं दार करीन. आनि तुमी सगळे त्याची कडी वाजवून आत येशाल!"

महिपत हसला. हौसाने ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

पण तुळसाचं बोलणं म्हणजे तोंडाची वाफ नव्हती. पालीच्या स्टँडजवळ एका खाणावळीत ती भाकऱ्या भाजायची, आंब्याच्या दिवसांत कारखान्यात जाऊन कोपरापर्यंत हात पिवळे करून बाठे काढायची. गाठीला गाठ मारत राहिली. धोंडूच्या वाट्याचा कातळाकडचा तुकडा तिच्या नावावर चढायला किती वर्षं गेली ते विचारू नका. सातबाऱ्यावर नावांची ही भलीमोठी माळ, त्यातले निम्मे मुंबईला आणि उरलेल्यांतले बरेचसे देवाघरी. पण झाला एकदाचा तुकडा. त्यावर एक जुना फणस होता. तो तोडून घेतला आणि बाईने सगळ्यांत आधी काय केलं असेल? दार! पायाचा पत्ता नाही, परवानगीचा पत्ता नाही, आणि सुताराकडून चौकट आणि दोन फळ्यांचं दार करून घेतलं, आतून-बाहेरून पितळेची कडी लावून. ते प्लॅस्टिकात गुंडाळून पडवीत भिंतीला टेकून उभं केलं.

हौसा येता-जाता त्याला ठेचकाळायची. "घर न्हाय आनि दार! काय म्हनायचं हिला?"

"अक्का, तुमच्या घराला चार दारं हायत," तुळसा म्हणायची. "मना एक झालं तर तुमचं काय जातं?"

पूर्वी घर बांधायचं म्हणजे सरपंचाला सांगायचं, चार कागद द्यायचे आणि नारळ फोडायचा. पण मध्यंतरी आंबेकोंड रत्नागिरी शहराच्या आराखड्यात गेलं. शहर कुठे, आंबेकोंड कुठे! नळाला पाणी आलं नाही, दिवे आले नाहीत, कचऱ्याची गाडी आली नाही. आली ती परवानगी. अर्ज ऑनलाईन, नकाशा ऑनलाईन, आणि चकरा मात्र पायांनी. नकाशा काढायला रत्नागिरीत विनीत नावाचा इंजिनिअर धरला. पोरगा गोड बोलणारा, पण जागा बघायला काही आला नाही. "मावशी, मोबाईलवर वरून सगळं दिसतं," म्हणाला. तुळसाने मोबाईलमध्ये डोकावून पाहिलं तर नुसती हिरवी झाडं आणि लाल कातळ. बरं म्हणाली. शिकलेल्या माणसाला दिसत असेल.

मग कचेरीच्या खिडकीशी तिची ओळख झाली. खिडकीमागे एक कारकून बसायचा. त्याला फक्त दोन शब्द येत होते. "थांबा, बघतो." तुळसा सकाळची यष्टी पकडून यायची, खिडकीपाशी उभी राहायची, तो म्हणायचा, "थांबा, बघतो." मग तो कुठे बघायचा ते देवाला ठाऊक, पण तुळसाच्या कागदाकडे बघायचा नाही. कधी सातबारा जुना झाला म्हणून नवा आणा. कधी सांडपाण्याचा खड्डा नकाशात दिसत नाही. एकदा म्हणाला, नकाशात गाडी लावायची जागा दाखवलेली नाही.

"माझी गाडी यष्टी," तुळसा म्हणाली. "ती स्टँडवर लागते. ता दाखवू नकाशात?"

रांगेतले लोक हसले. कारकून हसला नाही. नकाशा परत गेला, विनीतने कातळावर एक चौकोन काढून त्यात गाडी उभी केली, आणि मग पुढे सरकला. जिच्या पायात धड चप्पल नाही तिच्या दारात कागदावर मोटार! यावर हसावं की कपाळ बडवून घ्यावं?

शिमगा झाल्यावर परवानगी हातात पडली. सोबत अट होती. जोतं बांधून झालं की कचेरीचे साहेब येऊन तपासणार, ते पास झाल्याशिवाय वर एक चिराही चढवायचा नाही.

गवंडी गंगाराम वाडीतलाच. आखणीच्या दिवशी दोरी, खुंट्या, चुना घेऊन हजर झाला. महिपत नारळ घेऊन आला, वाडीतले चारपाच बापये आले. आणि विनीतच्या नकाशाप्रमाणे दोरी ताणली, तर चुलीची खोली नेमकी राखणदारावर आली.

राखणदार म्हणजे जागेचा धनी. कुंभ्याच्या झाडाखाली एक ओबडधोबड काळा दगड, त्याला शेंदूर, पुढ्यात जुन्या नारळांच्या करवंट्या. पेरणीच्या आधी वर्षातून एकदा सगळी वाडी त्याला राखण द्यायला, म्हणजे नारळाचा मान द्यायला जमते. हा दगड तिथे आहे हे आंबेकोंडातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणूनच ते विनीतला सांगावं असं कुणालाही सुचलं नाही. सूर्य कुठून उगवतो ते कुणी इंजिनिअरला सांगतं का?

"राखणदाराच्या डोक्यावर चूल?" महिपतने जीभ चावली. "गंगाराम, दोरी सरकव उजव्या अंगाला."

उजव्या अंगाला महिपतचाच गडगा, हद्दीवर रचलेला दगडांचा बांध. गंगारामने दोरी तिकडे सरकवली. महिपतने नारळ वाढवला आणि गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. तुळसानेही बाजूला उभं राहून हात जोडले. ती तरी वेगळी कुठली? देवाच्या माथ्यावर पेज शिजवायची तिचीही छाती नव्हती. पण दोरी सरकली हे कचेरीला कळवायला हवं, असं तिथे एकाच्याही डोक्यात आलं नाही. देवाचं काम देवापाशी झालं, संपलं.

जोतं झालं. चिरे एकावर एक बसले, आत भरणी झाली, वर पाणी मारून झालं. तुळसा संध्याकाळी खाणावळीतून आली की त्या जोत्यावर फेऱ्या मारायची. हितं चूल, हितं मोरी, हितं ज्ञानेश्वरी निजेल. आणि पुढच्या बाजूला येऊन थांबायची. हितं दार.

आता साहेब आले की झालं. साहेबांचं येणंही ऑनलाईन. मोबाईलवर संदेश यायचा, अमुक दिवशी तपासणी. त्या दिवशी तुळसा खाणावळीत खाडा करायची, जोतं झाडून काढायची, कोकमाचं सरबत करून मडक्याच्या अंगाला लावून ठेवायची. ऊन चढायचं, उतरायचं, साहेब काही यायचे नाहीत. संध्याकाळी दुसरा संदेश, तपासणी पुढे ढकलली आहे. कधी साहेबांची मीटिंग, कधी साहेब निवडणुकीच्या कामाला, कधी गाडीच नाही. सरबत वाडीतल्या पोरांनी प्यायलं, आणि वर विचारायला लागली, "तुळसाकाकू, साहेब पुना कवा न्हाय येनार?"

गंगाराम डोकं खाजवत म्हणाला, "तुळसावयनी, आगोट आली. एकदा भाताची कामं लागली की मी भिंतीला हात लावनार नाय. आनि चिरेखान बंद झाली की चिरा पन मिळनार नाय. यंदा भिंती नाय चढल्या तर दिवाळीच्या फुडंच बगा."

हे कचेरीला कोण सांगणार? तिथे बारमाही पंखे चालतात. कोकणात बांधकाम म्हणजे दिवाळी ते मिरग एवढाच खेळ, हे त्यांच्या संदेशाला कळत नाही. तुळसा तिरीमिरीत रत्नागिरीला गेली, खिडकीत तोंड घातलं आणि कारकुनाने "थांबा, ब..." म्हणायच्या आत सुरू झाली, "काय बगतोस रे मेल्या? किती बगशील? डोळे हायत का कवड्या? तुमी येत नाय, आनि मी चिरा चढवला तर दंड! म्हंजे मी करायचं काय, जोत्यावर बसून पाऊस अंगावर घ्यायचा?"

कारकुनाने इकडेतिकडे बघितलं. "थांबा, बघतो," तो म्हणाला, पण यावेळी उठून आत गेला.

आणि साहेब आले! नितेशसाहेब त्यांचं नाव. तिशीचा तरणा माणूस, कोकणातलाच, बोलण्यावरून कळत होतं. गाडीतून उतरला तो फोन कानाला लावूनच. चढणीची पायरी सोडून बाजूने टांग टाकून जोत्यावर चढला, धुळीने माखलेले बूट घालून. तुळसाने सकाळीच शेणाने सारवलेली जागा, त्यावर बुटांचे ठसे उठत गेले. साहेबांनी टेप लावला, मागचा माणूस आकडे लिहीत गेला. मापं घेता घेता साहेब मागच्या बाजूला गेले आणि कुंभ्याखाली त्यांना शेंदूर दिसला.

काय सांगावं! माणूस विजेचा झटका बसल्यासारखा थबकला. फोन खिशात गेला. वाकून बूट काढले, मोजेसुद्धा काढले, अनवाणी पुढे जाऊन दगडाला दोन्ही हातांनी नमस्कार केला, ओठांत काहीतरी पुटपुटले. मग मागे फिरले, बूट चढवले आणि पुन्हा थाड थाड करत तुळसाच्या जोत्यावर.

"मावशी, हे जोतं नकाशाप्रमाणे नाही. उजवीकडे सरकलंय. गडग्याच्या बाजूला मोकळी जागा कमी पडते. मला पास करता येणार नाही."

"साहेब, तितं राखणदार हाय. त्याच्यासाटी सरकवलं."

"ते मी बघितलं. त्याला हात लावा असं मी कधीच म्हणणार नाही, आम्हीही गावचेच. पण नियमात दगड बसत नाही ना. शेजाऱ्याची लेखी संमती घ्या, सुधारित नकाशा टाका, मग परत तपासणी लावू."

"परत म्हंजे कवा?"

"संदेश येईल."

तुळसाचा इतक्या दिवसांचा दाबलेला राग तेव्हा वर आला. "साहेब, एक इचारते. दगडाजवळ जाताना पायतान काडलात. लय चांगलं केलात. पन माझ्या जोत्यावर बूट घालून नाचलात, ता कुठच्या नियमात बसतं? त्याची जागा ती जागा, आनि माझी जागा म्हंजे काय गुरांचा वाडा?"

साहेबांचा चेहरा उतरला. काहीतरी बोलायला गेले, पण फोन वाजला आणि ते बोलत बोलत गाडीकडे गेले. सरबताचा पेला भरलेला तसाच राहिला.

बरं, शेजारी म्हणजे कोण? महिपत! ज्याने दोरी सरकवायला सांगितली तोच. तुळसाला वाटलं, एका सहीचं काम, आताच्या आता होईल. संध्याकाळी ती ओटीवर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. महिपतने पान लावायला घेतलं. पान लावून होईपर्यंत वर बघितलं नाही.

"तसं नाय," तो म्हणाला. "उद्या माझ्या पोरांना घर वाढवायचं झालं तर? एकदा लिहून दिलं की अडकलं. तू असं कर, कचेरीत जरा समजावून सांग."

"दोरी कुनी सरकवलीन, भावोजी?"

"देवासाटी सरकवली गो. तुझ्यासाटी थोडीच?"

शिरा पडली असल्या देवभक्तीवर! दगडाला जागा हवी तर तुळसाच्या घरातून घ्या, आणि तुळसाला हवी तर उद्याची पोरं आडवी येतात. आणि वाडीतले ते चारपाच बापये, ज्यांनी आखणीच्या दिवशी माना डोलावल्या होत्या? एकालाही काही आठवेना. एक म्हणाला, मी त्या दिवशी उशिरा आलो. दुसरा म्हणाला, भावकीतलं तुमचं तुम्ही बघा. हौसा तर उघडच म्हणाली, "पडवी काय वायट हाय? इतकी वर्सं ऱ्हायलीच की."

तुळसा त्या रात्री जेवली नाही. प्लॅस्टिकात गुंडाळलेल्या दाराला पाठ लावून बसून राहिली.

पेरणीच्या तोंडावर राखण द्यायचा दिवस आला. सगळी वाडी कुंभ्याखाली जमली, बापये पुढे, बायका मागे, आणि विधवा त्यांच्याही मागे. गाऱ्हाणं दरवर्षी महिपतच घालायचा. त्याने नारळ हातात घेतला, घसा खाकरला, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"बा देवा राखणदारा!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. तुळसा पदर खोचून बायकांमधून पुढे येत होती. बाईने गाऱ्हाणं घालायची रीत नाही, आणि विधवेने तर नाहीच नाही. पण राखणदाराला मारलेली हाक मध्येच तोडायची कुणाची हिंमत होणार? हाक मारून झाली होती.

"आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी आली हायत. नारळ ठेवलाय, ता गोड मानून घे, महाराजा!"

"व्हय महाराजा!" वाडी म्हणाली. म्हणणारच. जन्मभर ज्या शब्दांवर तोंड उघडलं, ते उघडल्याशिवाय राहील कसं?

"गुराढोरांची, पोराबाळांची, मुंबयला गेलेल्यांची राखन कर!"

"व्हय महाराजा!"

"तुला जागा व्हवी म्हनून माझी चूल सरकली. ता तू आपल्या डोळ्यांनी बगितलंस!"

"व्हय महाराजा!"

"ज्या मानसानं ती सरकवायला सांगितलान, त्यानं तुझ्या साक्षीनं सांगितलान!"

आता काही जणांच्या लक्षात आलं गाडी कुठे चालली आहे. पण आवाज उठलाच, थोडा दबका. "व्हय महाराजा."

तुळसाने आयुष्यात कधी थोरल्या दिराचं नाव घेतलं नव्हतं. आज घेतलं, खणखणीत. "महिपतच्या गडग्याकडचं माझं जोतं, त्याला महिपतची ना नाय. कुनाच्या मनात आडकाठी आसंल तर ती तू काडून टाक, महाराजा!"

नारळ हातात घेऊन महिपत उभा होता. त्याचे ओठ घट्ट मिटलेले. पण म्हाताऱ्या माणसाची साठ वर्षांची सवय ओठांपेक्षा जबर निघाली. सगळ्यांच्या बरोबर त्याच्याही तोंडून निघालंच, "व्हय महाराजा."

राखणदारापुढे हो म्हटलेलं परत घेणारा माणूस आंबेकोंडात अजून जन्मला नाही. दोन दिवसांनी महिपतने कागदावर सही केली. तुळसाकडे न बघता केली, पण केली. विनीत यावेळी मुकाट्याने स्वतः जागेवर आला, टेप लावला आणि सुधारित नकाशात राखणदाराला एक छोटं वर्तुळ काढून बाजूला लिहिलं, 'विद्यमान दगड'. तुळसाने ते वाचून घेतलं आणि म्हणाली, "चला, देवालासुद्धा शेवटी परवानगी मिळाली."

तिला मात्र मिळाली नाही. नकाशा कचेरीत गेला आणि खिडकीमागे पुन्हा तेच, "थांबा, बघतो." मिरग आला. गंगाराम आपल्या भाताच्या कामाला गेला. चिरेखाणीत पाणी भरलं. भिंती पुढच्या सालावर गेल्या. आणि घरात हौसाने बोलणं टाकलं ते टाकलंच. बोलायची ती भांड्यांशी, तुळसाला ऐकू जाईल असं. "देवाला पन फसवलान हो बायेनं!" एका सकाळी तुळसाच्या अंथरुणावर तिने ओल्या गोवऱ्या वाळत घातल्या. अंथरूण गुंडाळलेलंही नव्हतं. तुळसाने गोवऱ्या एकेक करून उचलल्या, नीट रचून ठेवल्या, आणि आपली पेटी डोक्यावर घेतली.

वाडीला वाटलं, चालली मालगुंडला लेकीकडे. पण ती वळली कातळाकडे.

जोत्यावर तिने बांबू रोवून घेतले, वर खाणावळवाल्याकडचे जुने पत्रे टाकले, तिन्ही बाजूंना माडाच्या झावळ्यांची झापं बांधली. आणि पुढच्या बाजूला, जिथे ती रोज संध्याकाळी येऊन थांबायची, तिथे फणसाची चौकट उभी केली. दोन्ही अंगांना चिरे रचून तिला आधार दिला, वर बांबूला दोरीने आवळली. तिला दार लावलं. हळदकुंकू वाहिलं. आत जाऊन दार ओढून घेतलं आणि बाईने कडी लावली. त्या आवाजासाठी तिने किती वर्षं काढली होती! मग चुलीपाशी बसून मनसोक्त रडली. बघायला कुणी नव्हतं. रडायलासुद्धा दार लागतं, हे ज्यांच्या घराला चार दारं आहेत त्यांना कळायचं नाही.

लोकांनी नावं ठेवली. पावसात झापं गळायची, वारा सुटला की पत्रे धडाधडा वाजायचे. तुळसा रात्री भांडी लावून गळती झेलायची आणि सकाळी खाणावळीत जायची. नागपंचमीला ज्ञानेश्वरी लेकराला घेऊन आली. दारापाशी थांबली, कडीवरून हात फिरवला आणि आईकडे बघत राहिली. दोन दिवस राहायला आलेली ती आठवडाभर राहिली.

श्रावणातल्या एका सकाळी, पाऊस झिमझिमत असताना, चढणीखाली कचेरीची गाडी येऊन थांबली. संदेशबिंदेश काही नाही. नितेशसाहेब छत्री घेऊन उतरले, काखेत प्लॅस्टिकात गुंडाळलेला कागद. वर आले, आणि मागच्या खेपेसारखेच पायरी सोडून बाजूने, जिथे झाप थोडं सुटलं होतं, तिथून जोत्यावर पाय टाकायला निघाले.

"तितनं नाय!" आतून आवाज आला. "दार फुडं हाय!"

साहेबांनी पाय मागे घेतला. वळसा घालून पुढे आले. समोर फणसाचं दार, बंद. "मावशी," ते बाहेरूनच म्हणाले, "जोतं पास होईपर्यंत वर काही बांधायचं नाही, असं सांगितलं होतं ना?"

"बांधलंय कुटं? भिंत दाखवा. एक चिरा सिमेटात बसवलेला दाखवा."

साहेबांनी चौकटीकडे बघितलं, बाजूला रचलेल्या सुट्या चिऱ्यांकडे बघितलं. "सुधारित नकाशा मंजूर झालाय," ते हळू आवाजात म्हणाले. "पास करायला आलोय. मापं घेतो आणि लगेच सही देतो."

आतून पळीचा आवाज येत राहिला. पाऊस वाढला. साहेब थोडा वेळ घुटमळले. मग वाकले, बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले आणि ते पायरीखाली एका बाजूला ठेवले. अनवाणी पायरी चढले. पितळेची कडी दोनदा वाजवली.

"मावशी, आत येऊ का?"

तुळसा चुलीपाशी पेज ढवळत होती. हात तसाच थांबला. उभ्या आयुष्यात हा प्रश्न तिला कुणीही विचारला नव्हता. नवऱ्याने नाही, दिराने नाही, हौसाने तर नाहीच. तिने पळी खाली ठेवली, ओला हात पदराला पुसला, उठून दारापाशी आली. कडीवर हात ठेवला. आणि काढली नाही.

"थांबा," ती म्हणाली. "बघते."

बाहेर पाऊस जोरात लागला होता. साहेब थांबले.